वन्सं आणि मागची जमीन

१२ जानेवारी, रविवार

पहार वाजली! जमिनीत शिरली नाही, वाजली. तळमजल्यावरच्या प्लंबरने दोन्ही हातांनी उचलून मारली आणि ठणकन आवाज आला – खाली कोणी पातेलं पालथं घालून ठेवल्यासारखा. सगळे हसले. मातीताई हसली नाही. ती खाली बसली, चिमूटभर धूळ उचलून नाकाशी नेली आणि म्हणाली, "हिला वासच नाही."

आमच्या चार इमारतींच्या मागची ही जागा. बांधकाम चालू होतं तेव्हा इथे सिमेंट कालवत. मग पंधरा वर्षं ट्रक उभे राहिले. आता ट्रक गेले, पण गवताची काडी उगवत नाही. कडेला चार मोठी झाडं आहेत, तीच काय ती तग धरून.

मातीताई म्हणजे मेलेल्या जमिनी जिवंत करायला शिकवणारी बाई. चाळिशीची, नखं कायम काळी, चेहरा कायम हसरा. दर रविवारी येणार आहे. तिचं म्हणणं – खणायचं नाही. आधी नुसतं बघायचं. ऊन कुठून येतं, पाणी कुठे पळतं, वारा काय करतो. आणि जमीन उघडी ठेवायची नाही. पानं, पुठ्ठे, गोणपाट, मिळेल ते पांघरायचं. "उघडी जमीन म्हणजे जखम. आधी झाका, बाकीचं ती स्वतः करते."

बघून लिहून ठेवायचं कोणी? सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझं शिलाई मशीन मागच्या खिडकीशी आहे ना! म्हणून ही वही. हिच्यात फक्त जमिनीचं लिहायचं.

पहिल्या मजल्यावरच्या पार्किंगकाकांनी – हे नाव आम्ही पाडलंय, त्यांना माहीत आहे – जाता जाता ऐकवलंच. "सत्तावीस एप्रिलला सोसायटीची सभा आहे. तेव्हा मातीत फरक दिसला नाही, तर फरशी घालून गाड्या लावायच्या."

बघू.

१३ जानेवारी

ऊन सकाळी साडेआठला डाव्या कोपऱ्यात. दुपारी सगळीकडे. चारनंतर इमारतीची सावली. वारा दुपारनंतर, रस्त्याकडून. पक्षी – शून्य. मांजर – एक, तेही घाईत.

१६ जानेवारी

फक्त जमिनीचं लिहायचं ठरवलं होतं. पण बोलू कोणाशी? हे दिवसभर लोकांच्या घड्याळांत डोकं घालून बसतात आणि घरी आल्यावर "हं" आणि "बरं" या दोन शब्दांत संसार चालवतात.

वन्संना आमच्याकडे येऊन दोन महिने झाले. यांची मोठी बहीण, सदुसष्ट वर्षांच्या. लग्न केलं नाही. चाळीस वर्षं हॉस्पिटलात सिस्टर होत्या, निवृत्त झाल्यावरही तिथेच नव्या मुलींना शिकवायच्या. राहणं तिथल्याच क्वार्टर्समध्ये. नोव्हेंबरात क्वार्टर्स पाडायला काढली, तेव्हा हे जाऊन त्यांना घेऊन आले. सामान काय, तर एक ट्रंक आणि एक छत्री.

आल्याच्या चौथ्या दिवशी त्या टेकडीपलीकडच्या वृद्धाश्रमात जाऊन नाव घालून आल्या. वृद्धाश्रम म्हटलेलं त्यांना चालत नाही, 'निवास' म्हणायचं. खोली रिकामी झाली की तिथून कळवतील. "तोवर तुम्हाला त्रास," म्हणाल्या. तेव्हापासून 'तोवर' शब्दाचा मला राग आहे. तोवर हा टॉवेल वापरते. तोवर ही खुर्ची इथे राहू दे.

डिसेंबरात एकदा धीर करून म्हटलं, "वन्सं, कायमच्याच राहा की." तर म्हणाल्या, "ड्यूटी म्हणून कोणी कोणाला ठेवून घेऊ नये." विषय संपला. त्यांचा आवाजच असा, की पुढे बोलणाऱ्याला इंजेक्शन मिळेल असं वाटतं.

मला त्या जायला नकोयत. झालं, लिहिलं एकदाचं.

आता एकच उपाय – बोलायचं नाही, त्यांना काही कमी पडू द्यायचं नाही. चांगला कप त्यांना. पहिलं गरम पाणी त्यांना. कामाला हात लावू द्यायचा नाही. मग स्वतःच म्हणतील, इथेच बरं आहे.

२६ जानेवारी, रविवार

पहिलं पांघरूण! रस्त्यावरची, शाळेच्या मैदानातली, दवाखान्यासमोरची पानं गोळा केली. सतरा पोती. मी, प्लंबर, त्याची बायको, शेजारच्या इमारतीतली पोस्टातली जोडी. खांद्यांचं भरीत झालं. पण सगळी पसरली तेव्हा काय दिसलं म्हणून सांगू – मशीनवर बसल्या बसल्या दहा वेळा उठून पाहिलं. मातीताईने टिचकी वाजवून सांगितलं, "आता हात लावू नका. विसरून जा."

वन्सं रविवारी नसतात. जुन्या हॉस्पिटलात पेशंट बघायला जातात. संध्याकाळी आल्या, खिडकीतून मागे बराच वेळ पाहत राहिल्या.

२७ जानेवारी

पानं नाहीत! एक नाही! जमीन टक्कल केल्यासारखी चकाचक.

२९ जानेवारी

मातीताईला फोन केला. म्हणाली वारा असेल, पानांवर पाणी मारा, काटक्या ठेवा. आमचा वारा मला ठाऊक आहे, तो रस्त्याकडून येतो आणि पानं आणतो, नेत नाही. पण तिला कसं म्हणणार!

हे म्हणाले, "हं."

२ फेब्रुवारी, रविवार

पुन्हा अकरा पोती. पाणी मारलं. वर काटक्या.

३ फेब्रुवारी

काटक्या जागेवर. नीट, एका ओळीत, उंचीप्रमाणे लावलेल्या. पानं नाहीत. माझं डोकं फिरायची वेळ आली आहे.

वन्संसमोर हा विषय काढत नाही. पाहुण्या माणसाला आमच्या सोसायटीची भांडणं कशाला दाखवायची. आधीच त्यांचं एक पाऊल दाराबाहेर.

११ फेब्रुवारी

आज वन्संनी माझं कापड धुतलं. पांढऱ्या कोटाचं, खडूने आखून कापायला ठेवलेलं! "डाग पडले होते," म्हणाल्या, "तोवर म्हटलं धुऊन टाकू." दोन तासांची आखणी नळातून गेली. मी दात ओठ खाऊन हसले आणि म्हटलं, "कशाला त्रास घेतलात?" मग न्हाणीघरात जाऊन दोन मिनिटं भिंतीला टेकून उभी राहिले.

माझी कात्री, पट्टी, खडू, बॉबिन – सगळं ट्रेमध्ये समांतर लावून ठेवतात. ऑपरेशनच व्हायचं बाकी आहे.

तरी राग टिकत नाही. बावीस वर्षांपूर्वी माझं बाळ गेलं, सातव्या महिन्यात, वन्संच्याच हॉस्पिटलात. आई नव्हती, माहेर असं नव्हतंच. वन्सं ड्यूटी संपली की येऊन उशाशी बसायच्या. अकरा दिवस. धीराचा एक शब्द बोलल्या नाहीत. केस विंचरून द्यायच्या, वेणी घालायच्या, पाय पांघरुणात खोचायच्या आणि बसून राहायच्या. मी आयुष्यात माहेरपण भोगलं ते तेवढंच. हे त्यांना कधी सांगितलं नाही. असलं सांगायचं कसं असतं?

१६ फेब्रुवारी, रविवार

बघण्याचा फायदा झाला! रोज सकाळी गच्चीवरची टाकी भरून वाहते, ते मी तीन आठवडे लिहून ठेवत होते – सात वाजून दहा मिनिटं, जवळजवळ पाव तास. ते सगळं पाणी भिंतीकडेने गटारात पळायचं. मातीताईने वही वाचून माझी पाठ थोपटली. "तुमच्याकडे नदी आहे की, रोज सकाळची." प्लंबरने पाइप फिरवला. उताराला आडवा, वीतभर खोल चर काढला, तेवढ्यालाच कुदळीचा दांडा मोडला. आता पाणी पळत नाही, चरात थांबतं आणि सावकाश मुरतं. मातीताई म्हणते, पाण्याला चालायला शिकवायचं, चालता आलं की बसायला.

पार्किंगकाका वरून बघत होते. म्हणाले, "डास होतील." 

पानं पुन्हा पसरली. नऊ पोती.

१७ फेब्रुवारी

नाहीत.

९ मार्च, रविवार

सातवी खेप. आता मला खात्री आहे – पार्किंगकाका! दुसरं कोणाला पडलंय? सभेच्या दिवशी जमीन उघडी बोडकी दिसली की त्यांचं काम फत्ते. सभेला सात आठवडे उरले आणि झाकलेली जमीन दाखवायला हातभर नाही. पुढच्या रविवारी सगळ्यांसमोर विचारते. हे म्हणाले, "पुरावा?" मी म्हटलं, चेहरा बघा त्यांचा. हे म्हणाले, "तो गेली वीस वर्षं तसाच आहे."

१६ मार्च, रविवार

कसं लिहू. लिहायलाच हवं.

सगळे जमले होते. मी तोंड सोडलं. काकांना म्हटलं, समोरून विरोध करा, पण पहाटे येऊन चोरासारखी पानं उचलता, शोभतं का या वयात? आणि मागून आवाज आला – "मी झाडते."

वन्सं. आज गुडघा धरला म्हणून हॉस्पिटलात गेल्या नव्हत्या. माझ्यासाठी चहाचा थर्मास घेऊन खाली आल्या होत्या.

"रविवारी इथे सगळे मिळून कचरा टाकतात," त्या म्हणाल्या. "पोत्यांनी. माणसं चांगली आहेत, म्हटलं खोड वाईट आहे. पाहुणीने बोलून दाखवणं बरं नाही. म्हणून पहाटे पाचला उठून झाडून घेत होते."

मी म्हणत होते, फिरायला जातात!

इथे मी गप्प बसायला हवं होतं. प्लंबरची बायको हसायला लागली होती, सगळं हसण्यावारी गेलं असतं. पण मला कुठून काय संचारलं! "सात आठवडे! खांदे मोडले आमचे, वन्सं! हा काय तुमचा वॉर्ड आहे? दिसलं की झाडा, दिसलं की पुसा! माझं कोटाचं कापड धुतलंत, दोन तासांची आखणी गेली, मी बोलले नाही. कात्री हाताला लागत नाही, बोलले नाही. जिवंत म्हणून काही शिल्लक ठेवायचंच नाही का तुम्हाला?"

शेवटचं वाक्य माझ्याच कानांना लागलं. त्यांच्याशी बोलले मी हे. त्यांच्याशी!

वन्सं पांढऱ्या पडल्या. मग त्यांचा तो आवाज निघाला, वॉर्डातला. "बोलली नाहीस, हेच तर! चार महिन्यांत तू काही बोललीच नाहीस. कप विसळायला गेले, हातातून काढून घेतलास. भाजी चिरायला बसले, सुरी काढून घेतलीस. बसा वन्सं, राहू दे वन्सं. मी काय पेशंट आहे? एक झाडण्याचं काम मिळालं होतं मला या घरात, तेही चोरून."

"मग सांगायचं होतंत!"

"तू सांगायचं होतंस!"

थर्मास कोणाच्या हातून पडला कळलं नाही. दोघींना धाप लागली होती. बाकी सगळे पाठ फिरवून चराकडे बघत होते, चरात काय बघण्यासारखं होतं देव जाणे. काका तेवढे म्हणाले, "म्हणजे मी सुटलो."

संध्याकाळी कोणी जेवलं नाही. हे म्हणाले, "दोघींचा आवाज सारखाच आहे." याला काय बोलणं म्हणतात!

१७ मार्च

वन्सं सकाळी आठला बाहेर पडल्या. चांगले कपडे, पर्स, छत्री. कुठे चाललात विचारायचं तोंड मला नव्हतं. चारला आल्या. चपलांवर तांबडी धूळ. ती धूळ फक्त टेकडीच्या रस्त्याला आहे, आणि टेकडीपलीकडे त्यांचं काय आहे ते मला माहीत आहे.

"काम होतं," म्हणाल्या.

खोली लवकर द्या म्हणून सांगायला गेल्या होत्या. दुसरं काय असणार. चार महिने जपलं आणि चार मिनिटांत घालवलं.

१८ मार्च

आज त्यांनी स्वतः उठून चहा केला. मला विचारलं नाही. माझ्यापुढे कप ठेवला. साखर कमी होती. मी म्हटलं, "साखर कमी आहे." त्या म्हणाल्या, "वयाच्या मानाने पुरे."

१९ मार्च

कपडे शिवत होते तर मागे उभ्या. म्हणाल्या, "चल खाली. दाखवायचंय."

पंपाच्या खोलीमागे, जिथे कोणी जात नाही, तिथे ढीग. सगळी पानं! सातही आठवड्यांची. आणि ढीग कसला – चौकोनी, कोपरे दुमडून खोचल्यासारखे, हॉस्पिटलातला पलंग जसा. "टाकून कुठे देणार? गाडीवाला नेत नाही. मग थर लावले. मधेमधे भाजीची देठं, सालं, चहाचा चोथा. वास मारू नये म्हणून आठवड्याला उलटायचं. फरशी पुसलेलं साधं पाणी वरून. फिनेलचं नाही, ते वेगळं."

माझ्या घरचा ओला कचरा रोज कुठे जातो हे मी दोन महिने विचारलं नव्हतं!

"ती जी पानं तुम्हाला हवी होती, ती हीच ना?" म्हणाल्या. एवढ्या हळू की मला रडूच आलं. मी म्हटलं, "त्या दिवशी फार बोलले मी." त्या म्हणाल्या, "हो, फार बोललीस." आणि ढिगावरचं गोणपाट सारखं केलं.

२० मार्च

पार्किंगकाकांकडे जाऊन माफी मागितली. म्हणाले, "मला खाली वाकता येत असतं तर सॉक्स स्वतः घातले असते, पानं कसली उचलतोय." त्यांच्या बायकोने बसायला सांगितलं. मी बसले. बराच वेळ बसले.

२३ मार्च, रविवार

मातीताईने ढिगात हात घातला. कोपरापर्यंत. आणि तशीच थांबली. "गरम आहे," म्हणाली. मग मूठभर बाहेर काढलं – काळं, भुसभुशीत, ओलसर. आधी तिने वास घेतला, मग सगळ्यांनी घेतला. दाट झाडीत शिरल्यावर येतो तो वास. "हे कोणी केलं? मी शिकवते त्या लोकांना वर्ष लागतं."

वन्सं मागे उभ्या होत्या. म्हणाल्या, "स्वच्छतेपायी केलं."

मातीताईने त्यांना समजावून सांगितलं. त्या ढिगात डोळ्यांना न दिसणारे जीव आहेत, ते खातात, श्वास घेतात, म्हणून तो तापतो. ताप उतरला की उलटायचा. जमिनीवरची पानं हे त्यांचंच अन्न. इथे टाकाऊ असं काही नाही, एकाचा कचरा तो दुसऱ्याचा डबा. वन्सं मान हलवत ऐकत होत्या. जन्मभर जंतू मारले त्या बाईने! शेवटी एकच प्रश्न विचारला. "किती ताप चालतो?"

२५ मार्च

ढिगाला तापाचा तक्ता लागलाय. खरंच! पंपाच्या खोलीच्या दाराला पॅड, त्यावर आलेख, सकाळ-संध्याकाळ. लांब दांड्याचं थर्मामीटर यांच्या दुकानाशेजारच्या प्रयोगशाळेवाल्याकडून मिळवलं. खाली सही. प्लंबरलाही ड्यूटी लावली आहे, तो न चुकता येतो, घाबरून येतो.

८ एप्रिल

रविवारी पांघरूण घातलं ते राहिलं! आधी पुठ्ठे, वर वन्संचं खत, वर पानं. वन्संनी स्वतः पसरली. दोन दिवस हात शिवशिवत होते त्यांचे, दिसत होतं. खराटा प्लंबरकडे ठेवायला दिला, "माझा भरवसा नाही" म्हणून.

१५ एप्रिल

आमचं रोज वाजतं. आज चराच्या काठावर काय लावायचं यावरून. मी म्हटलं भोपळा, त्या म्हणाल्या घेवडा, तो जमिनीला देतो, भोपळा नुसता घेतो. हे त्यांना मातीताईने शिकवलं आणि आता मला शिकवतात. मी म्हटलं, भोपळ्याची पानं जमीन झाकतात. त्या म्हणाल्या, मग दोन्ही लाव, त्यासाठी ओरडतेस कशाला. मी म्हटलं, ओरडत नाहीये! शेजारच्या इमारतीतून पोस्टातल्या बाईंनी खिडकी उघडून पाहिलं.

स्वैपाकघरातही तेच. त्या भाजी चिरतात, मी म्हणते जाड झाली, त्या म्हणतात दात आहेत ना अजून. पूर्वी कशी शांतता होती! आता कळतं, त्यांचा माझ्यावरचा जीव उडाला, म्हणून तोलून मापून बोलायची गरज उरली नाही. जायचंच आहे, मग भीड कशाची.

२७ एप्रिल, रविवार

सभा. मातीताईने जास्त बोलायचं टाळलं. प्लंबरला पहार दिली. आधी पांघरलेल्या जागेच्या बाहेर – ठणकन. मग पानं बाजूला सारून आत – आवाजच नाही. वीतभर शिरली आणि उभी राहिली. पार्किंगकाका खुर्चीतून उठले, पहारीला धरून हलवून पाहिलं, पुन्हा बसले. म्हणाले, "माझा हात वर समजा. गाडीला सावली मिळणार असेल तर."

पाच वर्षं मिळाली! सगळे टाळ्या वाजवत होते आणि मी वन्संकडे बघत होते. पाच वर्षं म्हटल्यावर त्यांचा चेहरा कसा होतो ते बघायचं होतं. त्या पॅडवर संध्याकाळचं तापमान लिहीत होत्या.

८ मे

पहिलं गांडूळ. वन्संनी मला मशीनवरून उठवून नेलं. "नवीन ॲडमिशन," म्हणाल्या आणि तक्त्यावर तारीख टाकली.

पक्षी – चार. मांजर आता बसायला येतं.

१९ मे

मातीताई म्हणते, सगळ्यात जास्त जीव काठावर असतो. चराचा काठ, भिंतीचा काठ, सावली आणि उन्हाचा. तिथे बघा. मी पाहिलं. घेवडा खरोखरच काठावरच जोमात आहे, भोपळा त्याच्या पायाशी. दोघांचं छान चाललंय. वन्संना सांगितलं नाही, डोक्यावर बसतील.

२ जून

निवासाचं नावच काढत नाहीत हल्ली. पूर्वी दर दोन दिवसांनी निघायचं. मी रडेन म्हणून लपवतात. एक दिवस पत्र येईल आणि ट्रंक घेऊन सरळ चालू लागतील, हॉस्पिटलात पेशंटला सुई दाखवत नाहीत तसं.

टपालवाला आला की मी आधी खाली पळते. वय काय माझं, करते काय!

१४ जून

शेवटचं पोतं भरून उरलं. आमच्या जमिनीला पुरून उरलेलं खत! वन्संनी पिशव्या भरल्या, वर तारखेच्या चिठ्ठ्या, आणि शाळेला, दवाखान्याला, काकांच्या बाल्कनीतल्या कुंड्यांना वाटल्या. पानं त्यांच्याकडून आली होती, म्हणाल्या, परत जायला हवीत. संध्याकाळी थकून माझ्या मशीनशेजारच्या स्टुलावर बसल्या. मी शिवत राहिले. त्यांनी माझ्या केसांकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "तेल लावत नाहीस का गं? काय अवतार केलायस." आणि घेतली फणी.

मला चाळीस बटणं लावायची होती, ती बाजूला ठेवली. बोलायला हवं होतं. बावीस वर्षांचं सगळं सांगायचं होतं, आणि मी काय म्हणाले तर – "ओढू नका हो, दुखतं."

२१ जून

प्लंबरच्या बायकोने विचारलं, "सिस्टर कधी जाणार हो?" मी तिला इतकं तोडून बोलले, की बिचारी जिन्यात उभीच राहिली. उद्या तिची माफी मागायची. यंदा माफ्या मागण्यातच वर्ष चाललंय.

हे ऐकत होते. म्हणाले, "तिला जायचं असेल तर जाऊ दे. नसेल तर विचार." एवढं लांब वाक्य लग्नानंतर पहिल्यांदा. पण विचारून काय होणार? 'ड्यूटी म्हणून ठेवू नये' – पुन्हा तेच ऐकायचं? नाही म्हणाल्या तर मग काहीच उरत नाही. त्यापेक्षा मी एक ठरवलंय. वाईट आहे. तरी करणार.

२३ जून

वन्सं खाली ढीग उलटत होत्या तेव्हा निवासात फोन केला. म्हटलं, माझ्या नणंदेचं नाव यादीत आहे, ते जरा खाली ढकलता येईल का, वर्षभर तरी. तिथला कारकून कागद चाळत राहिला. म्हणाला, नाव नाहीये. त्या काढून घेऊन गेल्या, सतरा मार्चला, स्वतः आल्या होत्या.

सतरा मार्च. मी सगळ्यांसमोर ओरडले त्याच्या दुसऱ्या दिवशी.

कारण काही लिहिलंय का, विचारलं. हो म्हणाला, लिहिलंय, पण आम्हालाही कळलं नव्हतं. या कारणाने लोक आमच्याकडे नाव घालायला येतात, काढायला कोणी येत नाही. मग त्याने वाचून दाखवलं – "घरी भांडण झालं."